२१४७४८३६४७ प्राइम आहे हे हाताने कसं कळलं, आणि तिच्या शेजारच्या संख्यांमध्ये काय आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: २१४७४८३६४७ ही संख्या कॉम्प्युटरमध्ये सारखी दिसते, ती प्राइम (मूळ संख्या, १ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी) आहे असं म्हणतात, तर कॉम्प्युटर नव्हता तेव्हा हे कुणी आणि कसं सिद्ध केलं, आणि ती प्राइम असल्याचा खरंच काही उपयोग होतो का नुसता योगायोग आहे. मी बरीच वर्षं रँडम नंबर आणि हॅशिंगचं (मजकुरावरून एक लहान ओळख-संख्या, म्हणजे हॅश, काढण्याचं) कोड लिहितेय, त्यामुळे ही संख्या माझ्या रोजच्या कामातली आहे, आणि उत्तर जरा लांबेल कारण हिच्याबद्दल बोलायला बसलं की थांबवत नाही.

आधी योगायोगाचा भाग मिटवून टाकते. २१४७४८३६४७ म्हणजे २^३१ − १ (२ च्या एकतिसाव्या घातातून एक वजा), बायनरीत लिहिली तर एकतीस वेळा १. ३२ बिटच्या पूर्णांकात एक बिट चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. १९ जानेवारी २०३८ ला यूटीसी वेळेनुसार ०३:१४:०७ नंतर जुन्या सिस्टिमची घड्याळं उलटणार आहेत तीही हिच्यामुळेच. पण या सगळ्याचा प्राइम असण्याशी काही संबंध नाही. ८ बिटला १२७ येते, ती प्राइम आहे. १६ बिटला ३२७६७ येते, ती ७ × ३१ × १५१ आहे. ६४ बिटला २^६३ − १ येते, तिला तर ७ ने दोनदा भाग जातो. घातांक प्राइम नसेल तर २^न − १ कधीच प्राइम नसते, आणि ७, १५, ३१, ६३ यात ७ आणि ३१ तेवढे प्राइम आहेत. म्हणजे ३२ बिटच्या मशीनला ही प्राइम आयती मिळाली, कुणी ठरवून ठेवलेली नाही. मात्र एकदा मिळाल्यावर लोकांनी तिचा भरपूर उपयोग करून घेतला, त्याकडे येतेच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना धागा हातात राहील: या संख्येबद्दल जे काही सुंदर आहे ते जवळजवळ सगळं तिच्या शेजाऱ्यांतून येतं. ती स्वतः तर फुटत नाही, पण तिच्याहून एकने मोठी संख्या नुसते दोनचे घात आहे, आणि एकने लहान असलेली शाळेतल्या सूत्राने फुटते. (सोयीसाठी या संख्येला पुढे प म्हणते.)

आता ऑयलर, अठराव्या शतकातला स्विस गणितज्ञ. प प्राइम आहे हे त्याने सिद्ध केलं आणि १७७२ साली बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात कळवलं. साधा मार्ग काय? वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या प्राइमने भागून बघायचं. प चं वर्गमूळ ४६,३४० पूर्णांक काहीतरी, आणि तिथपर्यंत ४,७९२ प्राइम आहेत. इतके भागाकार हाताने करणं अशक्य नाही पण कुणी करणार नाही, आणि त्यात एक चूक झाली तर सगळंच वाया. ऑयलरने भागायच्या आधी विचारलं की समजा एखादी प्राइम क ने प ला भाग जातोय, तर ती क दिसेल कशी?

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. क ने २^३१ − १ ला भाग जातो म्हणजे २^३१ ला क ने भागलं तर बाकी १ उरते. २ चे घात घेत जायचे आणि प्रत्येकाला क ने भागून बाकी लिहायची, तर एकतिसाव्या पायरीला आपण परत १ वर येतो. मग ते चक्र ३१ चं असेल किंवा ३१ ला भाग जाणाऱ्या एखाद्या लांबीचं असेल, पण ३१ प्राइम आहे त्यामुळे लांबी १ किंवा ३१, आणि १ तर शक्य नाही कारण मग २ ची बाकीच १ यायला हवी. तर चक्र बरोबर ३१ चं. दुसरीकडे फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की २^(क−१) ची बाकीही १ असते, म्हणजे क − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क विषम आहे म्हणून क − १ सम, म्हणजे ६२ ने भाग गेला. झालं, क ला ६२ ने भागलं तर बाकी १. एका फटक्यात बहुतेक सगळ्या प्राइम बाद.

अजून एक चाळणी आहे आणि मला ती जास्त आवडते. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे! म्हणजे क च्या जगात, क ने भागून फक्त बाकी बघायची अशा हिशोबात, २ ही पूर्ण वर्ग आहे. आणि २ ही वर्ग फक्त त्याच प्राइमच्या जगात असते ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ इतकंच उरतं. मोजून बघा, ४६,३४० पर्यंत पहिल्या प्रकारच्या (२४९ पासून) १८६ संख्या आहेत आणि दुसऱ्या प्रकारच्या ६३ धरून १८७, ती ६३ प्राइम नाही हे दिसतंच आहे म्हणून काढली की एकूण ३७२. चार हजार सातशे ब्याण्णववरून थेट तीनशे बहात्तर, आणि त्यातल्याही बऱ्याच संयुक्त, म्हणजे प्राइम नसलेल्या, आहेत. २४९ ला ३ ने भाग जातो, पहिली खरी उमेदवार ३११, तिने भागलं तर बाकी ३५ उरते. मग ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ सगळ्या संयुक्त, थेट १३०३ ला जायचं, तिथे बाकी २२६. असं करत शेवटपर्यंत गेलं आणि कुठेच शून्य आला नाही की सिद्धता पूर्ण. मी हे एकदा कागदावर बरंच पुढपर्यंत केलंय, आणि खरं सांगते, असे भागाकार करताना प्राइम म्हणजे काय ते जितकं आत उतरतं तितकं कोडचं उत्तर स्क्रीनवर बघून उतरत नाही.

ही चाळणी खोट्या दाव्यांनाही पकडते. १५८८ च्या सुमारास कटाल्डी नावाच्या इटालियन गणितज्ञाने २^१७ − १ आणि २^१९ − १ प्राइम आहेत हे बरोबर दाखवलं, पण २३, २९, ३१, ३७ या घातांकांनाही प्राइम येते असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यातला ३१ चा दावा तेवढा खरा निघाला. २^२३ − १ साठी ४६ च्या पटीत एक मिळवून बघायचं, पहिलीच संख्या ४७, आणि भाग जातो! २^२९ − १ साठी ५८ च्या पटीत एक मिळवत गेलं की चौथ्यालाच २३३ येते, तिने भाग जातो. फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने १६४४ मध्ये जी घातांकांची यादी दिली तिच्यातही ६७ आणि २५७ चुकून आले होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. तरी अशा संख्यांना नाव त्याचंच लागलं, मर्सेन प्राइम. आपली प ही आठवी.

ऑयलरनंतर १८६७ पर्यंत हीच माहीत असलेली सगळ्यात मोठी प्राइम होती.

आता शेजारी. प + १ = २^३१. म्हणजे प च्या जगात, प ने भागून बाकी घेण्याच्या जगात, २^३१ आणि १ एकच. शाळेत ९ ची कसोटी शिकलो होतो ना, अंकांची बेरीज करायची आणि तिला ९ ने भाग जातो का बघायचं? ती चालते कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १. इथे अगदी तेच आहे, फक्त एक "अंक" म्हणजे ३१ बिटांचा गठ्ठा. कितीही मोठी संख्या असू दे, तिचे ३१-३१ बिटांचे तुकडे पाडायचे आणि बेरीज करायची, झाली बाकी, भागाकाराची गरजच नाही. दोन संख्या प पेक्षा लहान असतील तर त्यांचा गुणाकार ६२ बिटांत मावतो, वरचे ३१ बिट खाली सरकवून खालच्या ३१ मध्ये मिळवले, बेरीज प च्या वर गेली तर एकदा प वजा केली, संपलं. प्रोसेसरला भागाकार महाग पडतो आणि सरकवणं-मिळवणं जवळपास फुकट, म्हणून ज्याला वेगात प्राइमने बाकी काढायचीय तो फिरून फिरून याच कुटुंबाकडे येतो.

अजून गंमत म्हणजे प च्या जगात २ ने गुणणं म्हणजे ३१ बिटांची माळ एक घर फिरवणं. डावीकडून पडलेला बिट उजवीकडून आत येतो. एकतीस वेळा फिरवली की माळ होती तिथे. हे लक्षात ठेवा, याच्यावरून मी एकदा चांगलीच अडकलेय, ते पुढे.

वर्गमूळांचं प्रकरण तर मला या संख्येतलं सगळ्यात देखणं वाटतं. प च्या जगात २ चं वर्गमूळ किती? ६५५३६. कारण त्याचा वर्ग २^३२, आणि २^३१ म्हणजे १, तर उरले २. तोंडी! बाकीच्यांची वर्गमूळं काढायची असतील तरी त्रास नाही. प ला ४ ने भागलं तर बाकी ३ उरते, आणि अशा प्राइमसाठी नियम आहे की वर्गमूळ म्हणजे संख्येचा (प + १)/४ वा घात. आता (प + १)/४ म्हणजे २^२९. म्हणजे संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याचा वर्ग करा, असं २९ वेळा, वर्गमूळ हातात. वर्ग करत करत वर्गमूळ मिळतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा तपासून बघितलं होतं. (अर्थात संख्येला वर्गमूळ असेल तर, निम्म्या संख्यांना नसतं. उत्तराचा वर्ग करून खात्री करून घ्यायची.) वर्गमूळ नसणाऱ्यांत −१ आहे आणि ३ पण आहे, आणि तो ३ थोड्याच वेळात महत्त्वाचा होणारे.

शिवाय प ला ८ ने भागलं तर बाकी ७, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज नाहीच, तीन वर्गांचीही नाही, पूर्ण चार लागतात. जुळी प्राइमही नाही, कारण प − २ च्या शेवटी ५ आहे आणि प + २ ला ३ ने भाग जातो. पण त्या प + २ ला ३ ने भागून बघा, ७१५८२७८८३ येते, आणि ती परत प्राइम! आणि दुप्पट करून एक मिळवलं तर २^३२ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, म्हणजे आजपर्यंत माहीत असलेल्या पाचही फर्मा प्राइम (२ चा घात अधिक एक अशा रूपातल्या प्राइम) एका ओळीत. अशा जागी मी नेहमी थोडी थांबते.

ऑयलरच्या पद्धतीने मोठ्या घातांकांना पोचता येत नाही हे उघड आहे. फ्रेंच गणितज्ञ ल्युकासने १८७६ मध्ये २^१२७ − १ प्राइम असल्याचं दाखवलं, ३९ अंकी संख्या, हाताने, आणि ते भाग देऊन शक्यच नव्हतं. त्याची कल्पना नंतर १९३० मध्ये लेहमरने साफसूफ केली आणि आज तिला ल्युकास-लेहमर टेस्ट म्हणतात. कृती इतकी सोपी आहे की विश्वास बसत नाही: ४ पासून सुरू करा, वर्ग करून २ वजा करा, बाकी घ्या, परत वर्ग करून २ वजा करा. २^न − १ साठी न − २ वेळा केल्यावर शून्य आला तर प्राइम, नाही आला तर नाही, मधलं काही नाही. ३१ वर करून बघू, ती २^५ − १ आहे, म्हणजे तीन वेळा: ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६४ − २ = ६२, बाकी ०. प्राइम. आता २०४७ वर, ती २^११ − १, नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून प्राइम नाही, आणि खरंच २०४७ = २३ × ८९. (२३ आणि ८९ दोन्हीला २२ ने भागलं तर बाकी १, ऑयलरची चाळणी आठवा.) आपल्या प ला २९ पायऱ्या लागतात, साध्या कॅल्क्युलेटरवर एका दुपारचं काम आहे. हा ४ कुठून आला? (२ + √३) आणि (२ − √३) यांची बेरीज आहे ती, आणि टेस्ट चालते कारण ३ ला प च्या जगात वर्गमूळ नाही, म्हणून √३ बाहेरून आणावा लागतो आणि त्या मोठ्या जगात प + १ लांबीची चक्रं तयार होतात. प + १ म्हणजे नुसते २ चे घात, म्हणून नुसतं वर्ग करत गेलं तरी पुरतं. परत शेजारीच कामाला आला.

इथे एक सावधगिरी, कारण ही चूक मी नव्या लोकांच्या कोडमध्ये बऱ्याचदा बघते. फर्माच्या टेस्टने (मघाच्या छोट्या प्रमेयावरच्या) पटकन बघू म्हणून २ हा पाया घेतात आणि २^(तपासायची संख्या − १) ची बाकी १ आली की प्राइम म्हणून मोकळे होतात. मर्सेन संख्यांना ही टेस्ट लावण्यात काही अर्थ नाही, घातांक प्राइम असला की प्रत्येक मर्सेन संख्या ती पास होते, २०४७ सुद्धा. तिथे पाया ३ घ्या. मोठ्या मर्सेन संख्या शोधणाऱ्या जिंप्स प्रकल्पातही आता पहिली चाचणी पाया ३ वाली फर्मा-टेस्टच असते. तिथेच १२ ऑक्टोबर २०२४ ला २^१३६२७९८४१ − १ सापडली, ४,१०,२४,३२० अंकांची, आणि प्राइम असल्याची खात्री मात्र ल्युकास-लेहमरनेच केली गेली.

परिपूर्ण संख्यांचं सांगून टाकते. प ला २^३० ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८, आठवी परिपूर्ण संख्या, जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज ती स्वतःच. बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहून ठेवलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी कुणी शोधणार नाही, कारण उपयोग नसताना कोण खटपट करेल. शोधली लोकांनी, कित्येक.

आणि प चा घातांक ३१ हा स्वतः मर्सेन प्राइम आहे, २^५ − १. अशा दुहेरी मर्सेन प्राइम फक्त चार माहीत आहेत: ७, १२७, आपली प, आणि ल्युकासची २^१२७ − १. साहजिक वाटतं की घातांक म्हणून प लाच वापरलं तर? म्हणजे २^२१४७४८३६४७ − १. तिला चौसष्ट कोटींहून जास्त अंक आहेत, लिहून काढायचं नावच नको, पण ऑयलरची चाळणी तिथेही तशीच चालते: विभाजक असलाच तर २ × प च्या पटीत एक मिळवलेला असणार. शोधत गेले आणि सापडला, २९५२५७५२६६२६०३१. वजा एक करा, ४२९४९६७२९४ ने भागा, बरोबर ६८७४५ येतात. म्हणजे ती प्राइम नाही. इतक्या अजस्र संख्येबद्दल इतकी लहानशी पक्की गोष्ट सांगता येते, आणि ती पडताळायला फक्त एकतीस वेळा वर्ग-गुणाकार करायचे, हे मला अजूनही थक्क करतं.

आता दुसरा शेजारी, प − १. याच्याशिवाय प्राइम असण्याचा उपयोग कळत नाही. प − १ = २^३१ − २ = २ × (२^३० − १), आणि कंसात वर्गांची वजाबाकी आहे, म्हणजे २ × (२^१५ − १) × (२^१५ + १) = २ × ३२७६७ × ३२७६९. पहिली आपण वर फोडलीच आहे, दुसरी ९ × ११ × ३३१. सगळे मिळून २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. दहा अंकी संख्या कागदावर दोन मिनिटांत पूर्ण फुटली.

याचा फायदा असा. प प्राइम आहे म्हणून प च्या जगात अशा संख्या असतात ज्यांचे घात घेत गेलं तर १ पासून प − १ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येते आणि मगच परत १ येतो. त्यांना प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. एखादी संख्या तशी आहे का हे बघायला दोनशे चौदा कोटी घात घ्यायची गरज नाही, वरच्या सात प्राइम विभाजकांसाठी एकेक तपासणी पुरते: (प − १)/२, (प − १)/३, असे घात घेऊन कुठेही १ येत नाही ना, एवढंच. सगळ्यात लहान प्रिमिटिव्ह रूट ७ आहे, आणि एकूण ५३,४६,००,००० आहेत, म्हणजे चारातली एक. उलट दिशेने वाचलं तर हाच प च्या प्राइमपणाचा दाखलाही होतो: ७ चं चक्र बरोबर प − १ लांबीचं असेल तर प प्राइम असल्याशिवाय ते शक्यच नाही. १९७५ मध्ये प्रॅटने हा विचार व्यवस्थित मांडला, आणि माझ्या मते प प्राइम आहे हे कुणाला पटवायचं असेल तर आज हाच सगळ्यात आटोपशीर मार्ग आहे.

आणि २ चं चक्र? ३१. फक्त एकतीस. आता माझी गोष्ट.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी मजकुराच्या ओळींचा हॅश काढायला एक कोड लिहिलं, प्रत्येक अक्षराला पायाच्या वाढत्या घाताने गुणायचं, बेरीज करायची, प ने बाकी घ्यायची, नेहमीची पद्धत. पाया म्हणून २५६ घेतला, कारण गुणाकाराऐवजी बिट सरकवता येतात. टेस्ट डेटावर छान चाललं. खऱ्या डेटावर वेगवेगळ्या ओळींना तोच हॅश यायला लागला, आणि दोन दिवस मी मेमरीत, वाचणाऱ्या कोडमध्ये, सगळीकडे दोष शोधला. दोष गणितात होता. २५६ म्हणजे २^८, तिचं चक्रही ३१ चंच, म्हणजे पहिल्या आणि बत्तिसाव्या अक्षराचं वजन अगदी एकच. आमच्या ओळींत दोन कॉलम नेमके एकतीस अक्षरांच्या अंतरावर होते, त्यातल्या किमतींची अदलाबदल झाली तरी हॅश हलत नव्हता. ऑयलरची तीच ३१ ची पायरी, जी मी कितीतरी वेळा दुसऱ्यांना समजावून सांगितली होती.

दुरुस्ती म्हणजे पाया रँडम घ्यायचा, १ ते प − १ मधला कुठलाही. मग हमी देता येते, आणि ती हमी मिळते ती प प्राइम आहे म्हणूनच: प्राइमच्या जगात न घाताच्या बहुपदीला न पेक्षा जास्त मुळं नसतात, म्हणून हजार अक्षरांच्या दोन वेगळ्या ओळी धडकण्याची (दोघींना तोच हॅश येण्याची) शक्यता साधारण हजार भागिले प, म्हणजे एकवीस लाखांत एक. प संयुक्त असती तर हे वाक्यच म्हणता आलं नसतं. पण ओळी पन्नास हजारांच्या आसपास गेल्या की जोड्याच इतक्या होतात की कुठे ना कुठे धडक होण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ जाते, त्यामुळे आज नवीन लिहायचं असेल तर मी प न घेता तिचीच मोठी बहीण २^६१ − १ घेते, बाकी काढायची युक्ती तीच, फक्त गुणाकाराला १२८ बिट लागतात.

गुप्ततेसाठी म्हणजे क्रिप्टोग्राफीसाठी प वापरायचा विचारही करू नका. लहान आहे हे एक, पण त्याहून मोठं कारण प − १ चे इतके बारीक तुकडे होतात हे आहे. सगळ्यात मोठा तुकडा ३३१, म्हणजे घातावरून घातांक शोधायचं अवघड कोडं सात सोप्या कोड्यांत वाटलं जातं, प्रत्येकात जास्तीत जास्त काहीशे शक्यता. जो गुण मघाशी दाखला बनवायला उपयोगी पडला तोच इथे भगदाड होतो.

राहिला रँडम नंबरचा उपयोग, ज्यामुळे प खरी घराघरांत पोचली. पाककृती: आधीच्या संख्येला एका ठरलेल्या गुणकाने गुणा, प ने बाकी घ्या, हीच पुढची संख्या. गुणक प्रिमिटिव्ह रूट असेल तर २१४७४८३६४६ संख्या झाल्याशिवाय एकही परत येत नाही. १९६९ मध्ये लुइस, गुडमन आणि मिलर यांनी १६८०७ हा गुणक सुचवला, तो ७^५ आहे, आणि ५ चा प − १ शी एकही समान विभाजक नाही म्हणून ७ सारखाच तोही प्रिमिटिव्ह रूट. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी हाच किमान दर्जा धरा म्हणून आग्रह केला, कारण तेव्हा रँडू नावाचा एक वाईट जनरेटर सगळीकडे पसरला होता. त्यात प च्या जागी २^३१ होती, फक्त एकचा फरक, पण ती प्राइम नाही, आणि गुणक ६५५३९ = २^१६ + ३. त्याचा वर्ग केला की दिसतं, प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या संख्येची सहापट वजा तिच्या आधीच्या संख्येची नऊपट. तीन-तीन संख्या घेऊन बिंदू काढले तर सगळे फक्त पंधरा प्रतलांवर येऊन पडतात. त्या काळात ज्यांनी यावर सिम्युलेशन केली त्यांचा विचार केला की वाईट वाटतं.

३२ बिटच्या मशीनवर १६८०७ ने गुणलं की संख्या उतू जायची, त्यावर श्रागेची युक्ती होती: २१४७४८३६४७ = १६८०७ × १२७७७३ + २८३६ असं लिहून गुणाकार दोन भागांत करायचा, म्हणजे मधली कुठलीच संख्या ३१ बिटांच्या बाहेर जात नाही. जुन्या कोडमध्ये १२७७७३ आणि २८३६ हे आकडे दिसले तर ते तिथून आलेत, हात लावू नका. आज ६४ बिटांत सरळ गुणा आणि ३१-३१ बिट मिळवा. सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीत हा जनरेटर १६८०७ आणि ४८२७१ अशा दोन्ही गुणकांनी अजून आहे, पण गंभीर सिम्युलेशनला तो वापरू नका, दोनशे कोटींची फेरी आताचं मशीन काही सेकंदांत संपवतं. शिकायला मात्र याच्याइतका चांगला दुसरा नाही, म्हणून स्वतः लिहून बघाच. १ पासून सुरू करा, १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३ यायला हवेत, आणि दहा हजाराव्या पायरीला १०४३६१८०६५. हा आकडा आला तर तुमची बाकी बरोबर निघतेय, आणि नाही आला तर बहुतेक वेळा बेरीज प च्या वर गेल्यावर एकदा वजा करायचं राहून गेलेलं असतं.